सौम्य चिंता : समुपदेशक की घरचा सराव?
नागपूरच्या धरमपेठेतील एका मैत्रिणीचा आठ वर्षांचा मुलगा शाळेची व्हॅन आली की पोट दुखते म्हणतो. बालरोगतज्ज्ञांना शारीरिक कारण सापडले नाही. आता समुपदेशकाकडे जावे की घरीच प्रयत्न करावा, हा तिचा प्रश्न.

समुपदेशनाला शुल्क लागते, शिवाय सीताबर्डीच्या गर्दीतून ये-जा. घरच्या सरावाला पैसे नाहीत, पण संयम भरपूर लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. मूल घाबरले की आपण त्याला घरी ठेवतो, त्याच्या वतीने बोलतो (मीही हेच करत असे), आणि टाळल्याने मिळणारा तात्पुरता दिलासाच भीतीला खतपाणी घालतो. त्याऐवजी भीती मान्य करून त्याला आधी व्हॅनपर्यंत, मग पुढच्या चौकापर्यंत, असे पायरीपायरीने न्यावे लागते. येल विद्यापीठाच्या २०२० मधील १२४ मुलांच्या अभ्यासात केवळ पालकांना दिलेले प्रशिक्षण मुलांवरील बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचारापेक्षा) कमी ठरले नाही. अर्थात तेथे पालकांना तज्ज्ञ शिकवत होते.

मूल कुरकुरत का होईना शाळेत जात असेल, तर महिनाभर घरचा सराव करावा. शाळा बुडू लागली, झोप उडाली किंवा पालक स्वतःच धास्तावलेले असले, तर समुपदेशक बरा. निर्णय होत नसल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारता येते.