हिमालयातलं वसंतातलं वादळ: हवामान सांगणाऱ्या कोणत्या सेवेवर किती विसंबावं

मार्च ते मे या काळात हिमाचल-उत्तराखंडावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली (वेस्टर्न डिस्टर्बन्स), सरकला की एकाच दिवशी तीन उंचींवर तीन हवामानं असतात. मनालीत (सुमारे 2,050 मीटर) पाऊस, सोलंगच्या वर ओला बर्फ आणि रोहतांग खिंडीत (3,978 मीटर) सोसाट्याचा वारा, कोरडा बर्फ, काही दिसत नाही अशी अवस्था. फोनवर मात्र 'मनाली, 9 अंश, पाऊस' एवढंच उमटतं. एप्रिल-मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातून सर पास, केदारकांठा हे ट्रेक करायला गटच्या गट जातात. त्यांच्या दृष्टीने हवामानाची सेवा तपासायची कसोटी एकच: ती उंची सांगते का?

फोनसोबत येणारं हवामानाचं ॲप या कसोटीवर सरळ नापास. ते जवळच्या गावाचा आकडा देतं. सर पासची खिंड सुमारे 4,200 मीटरवर, तर पायथ्याचं कसोल 1,600 मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे कसोलला 12 अंश असताना खिंडीत उणे 5 असू शकतं. वाऱ्याचा गारठा यात धरलेलाच नाही.

भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप 2020 पासून आहे. जिल्हावार पाच दिवसांचे रंगीत इशारे आणि पुढच्या तीन तासांचा 'नाऊकास्ट' या त्यातल्या खऱ्या कामाच्या गोष्टी. पण रंग वाचताना लोक चुकतात. पिवळा म्हणजे 'काही नाही' असं नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो. कुलू जिल्ह्यात हजारबाराशे मीटरवरचं खोरंही येतं आणि सहा हजारांवरची शिखरंही येतात, रंग मात्र एकच. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द असाच फसवतो. त्याचा अर्थ पाऊस थोडा असा नाही, तर जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात पडेल असा आहे. त्या पाव भागात तुमचा तंबू असेल तर गारा तितक्याच मोठ्या पडणार. आणखी एक बारकावा: खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. 24 तारखेच्या इशाऱ्यात 25 ची पहाटही येते, आणि खिंड चढायला तर पहाटेच निघतात. ॲपला पाचपैकी तीन गुण.

याच खात्याच्या शिमला आणि देहरादून केंद्रांची रोजची पत्रकं मात्र पाचपैकी साडेचार गुणांची. शिमल्याचं पत्रक सखल, मध्यम आणि उंच डोंगराळ भाग वेगळे करून सांगतं. देहरादूनचं तर थेट '3,500 मीटर व त्याहून अधिक उंचीवर हिमवर्षाव' अशा भाषेत बोलतं. हाच आकडा आदल्या दिवशी 3,500 होता आणि आज 2,800 झाला, तर कॅम्पवर पाऊस पडणार की बर्फ, हे तिथेच कळलं. 'ओलावृष्टि' म्हणजे गारपीट आणि 'अंधड़' म्हणजे वादळी वारा, एवढं हिंदी लक्षात ठेवलं की पुरे. उणीव एकच: पत्रक पीडीएफमध्ये असतं, कमी रेंजमध्ये उघडायला वेळ लागतो. शेवटच्या नेटवर्कच्या गावातच उतरवून घ्यावं.

रडार हे उत्तम साधन, पण डोंगरात अर्धं आंधळं. कुफरी आणि मुक्तेश्वरला 2021 पासून, तर सुरकंडा देवी, मुरारी देवी आणि जोतला 2023 पासून डॉप्लर रडार आहेत. एक्स-बँडच्या, म्हणजे आखूड लहरींच्या, या रडारांचा पल्ला साधारण 100 किलोमीटर. मधली धार उंच असेल तर किरण अडतो आणि तिच्या पलीकडचं खोरं चित्रात कोरडं दिसतं. कोरडा बर्फ पावसापेक्षा खूपच फिका दिसतो, त्यामुळे फिका रंग पाहून 'विशेष नाही' म्हणू नये. एकाच चित्रावर विसंबू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराची तीन चित्रं पाहिली की ढग कोणत्या दिशेने आणि किती वेगाने येतोय ते समजतं. दुपारच्या गडगडाटी ढगांसाठी याहून चांगलं काही नाही.

'विंडी' या हवामानाच्या ॲपवर बहुतेक ट्रेकरांचा जीव. तिथलं युरोपीय मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारी संगणक प्रणाली, 9 किलोमीटरच्या चौकटीत विचार करतं. कसोलच्या पार्वती खोऱ्यात एवढ्या चौकटीत नदीही येते आणि चार हजार मीटरची धारही, म्हणून त्याचं तापमान कोणत्याच जागेचं नसतं. कामाचा आकडा वेगळाच आहे, शून्य अंशाची उंची, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची. त्यातून साधारण 300 मीटर वजा केले की बर्फाची रेषा मिळते, जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो. पाऊस जोराचा असेल तर ती आणखी खाली घसरते, कारण वितळणारा बर्फ हवेतली उष्णता ओढून घेतो. वाऱ्याचा सरासरी वेग न पाहता झोत (गस्ट) पाहावेत. विंडीला साडेतीन. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली, मे 2025 मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' 6 किलोमीटरच्या चौकटीत चालते. हिमालयासाठी ही बारकाई स्वागतार्हच, तरी खोलगट दऱ्यांसाठी 6 किलोमीटरही मोठेच.

पावसाचे मिलिमीटर बर्फात कसे वाचायचे? थंड, भुसभुशीत बर्फ असेल तर 1 मिलिमीटरला साधारण 1 सेंटिमीटर. वसंतातला बर्फ ओला आणि दाट असतो. 20 मिलिमीटरचे बारा-पंधरा सेंटिमीटरच होतात, पण वजन तेच, चौरस मीटरला 20 किलो. चार चौरस मीटरच्या तंबूवर साचलेला बर्फ झटकला नाही तर 80 किलो. काठ्या वाकतात त्या याने, आणि बहुतेक वेळा रात्री सगळे झोपेत असताना.

हिमस्खलनासाठी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेच्या इशाऱ्याला पर्याय नाही. 27 फेब्रुवारी 2025 च्या संध्याकाळी तिने चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत 2,400 मीटरच्या वर चोवीस तासांसाठी इशारा दिला होता. 28 ला चमोलीतल्या माणा गावाजवळ रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला, आठ जण गेले. इशारा चोख होता, उंचीसकट होता. अशा सेवेला गुण द्यायचे नसतात, ती रोज वाचायची असते.

आयआयटीएमचंच 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूतली वीज सांगतं. बेस कॅम्पवर छान, नेटवर्क गेलं की मुकं.

नेटवर्क संपल्यावर उरतं हवेच्या दाबावरून उंची सांगणारं उंचीमापक घड्याळ आणि आकाश. 3,500 मीटरवर दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ साधारण 12 मीटर जास्त उंची दाखवतं. तुम्ही तंबूतून हललाही नाहीत आणि कालच्या त्याच वेळेपेक्षा 50 मीटर वर 'चढलात', तर झंझावात जवळ आला. वेळ तीच हवी, कारण दाब दिवसातून दोनदा आपोआपही थोडा वरखाली होतो. जोडीला पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग, चंद्राला खळं आणि दक्षिणेकडून येऊ लागलेला वारा असेल तर खिंडीचा बेत एक दिवस पुढे ढकलावा.

आणि वादळ सरल्यावर लख्ख ऊन पडतं, त्या पहिल्या सकाळी सगळी ॲप्स निळं आकाश दाखवतात. उतारांवरचा ताजा बर्फ सर्वात जास्त घसरतो तो त्याच दिवशी, ऊन तापल्यावर. तेव्हा तीव्र उतार सूर्य लागण्याआधी ओलांडावेत, नाहीतर तो दिवस कॅम्पवरच काढावा.