ठरलेले अडीच लाख की पूर्ण दावा? अपघातातल्या जखमीने कोणता रस्ता धरावा

माणूस अजून वॉर्डात असतो, पायात रॉड घातलेला असतो, आणि घरच्यांपुढे प्रश्न येऊन ठेपतो: विमा कंपनीकडून मिळेल ते घेऊन मोकळे व्हायचे की क्लेमची केस लढायची? मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि अपघात भरपाईची नवी कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यामुळे आज जखमीसमोर दोन रस्ते आहेत: कलम १६४ आणि कलम १६६. अपघात दाव्यांच्या कामात मी रोज हीच निवड करणारी कुटुंबे बघतो, म्हणून माझे मत आधीच सांगतो. जखम पूर्ण भरून येणारी असेल किंवा चूक आपल्याच माणसाची असेल, तर कलम १६४ चांगले. शरीरात कायमचे काही उणे राहणार असेल आणि घर त्या शरीराच्या कमाईवर चालत असेल, तर कलम १६६. आणि यातले काय होणार हे डॉक्टर सांगू शकत नाहीत तोवर कशावरही सही करू नये.

कलम १६४ मध्ये चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. वाहनामुळे अपघात झाला आणि गंभीर दुखापत झाली, एवढे दाखवले की वाहनमालक किंवा त्याची विमा कंपनी अडीच लाख रुपये देण्यास बांधील असते. मृत्यू झाला असेल तर पाच लाख. हाड मोडले असेल तर ती कायद्याने गंभीर दुखापतच. रक्कम ठरलेली असल्यामुळे पगार किती, खर्च किती, वय किती, याचा तिच्यावर परिणाम होत नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली भरपाई मिळाली असेल तर तेवढी यातून वजा होते.

कलम १६६ मध्ये समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तो झाला की रकमेला वरची मर्यादा नाही. बुडालेली कमाई, उपचार, पुढची शस्त्रक्रिया, सांभाळायला ठेवलेला माणूस, वेदना, सगळे मागता येते.

दोन्ही रस्ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेच जातात आणि ‘आधी हे घेऊ, मग ते बघू’ असे कोणालाही वाटते. पण कायद्याने इथे एक कुलूप घातले आहे. कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीचा नेमलेला अधिकारी ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवतो. त्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम तुम्ही स्वीकारलीत, की तुमचा कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. जुन्या कायद्यात कलम १४० खाली अंतरिम म्हणून २५,००० रुपये मिळायचे आणि मूळ दावा पुढे चालू राहायचा. ती आठवण अजून लोकांच्या डोक्यात आहे, गावातला माहितगार माणूसही तेच सांगतो. आज ते खरे नाही.

आकडे मांडून बघा

समजा, ३४ वर्षांचा टेम्पोचालक आहे आणि महिना १८,००० रुपये कमावतो. वर्षाचे झाले २,१६,०००. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिल्याप्रमाणे, चाळिशीच्या आतल्या आणि कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. म्हणजे ३,०२,४००. आता वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ आहे. गुणाकार ४८,३८,४०० होतो. पाय गेल्यामुळे कमावण्याची ताकद ४० टक्के घटली असे न्यायाधिकरणाने धरले, तर फक्त या एका सदराखाली १९,३५,३६० रुपये. अडीच लाखांशी याची तुलना काय करायची?

या हिशेबात अपंगत्वाच्या एकेका टक्क्याची किंमत ४८,३८४ रुपये आहे. म्हणून सगळी लढाई त्या टक्क्यावर होते. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार नेमके समजावले आहे. डावा हात तोडावा लागला तर शरीराचे अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस सुतार किंवा चालक असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के, आणि सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमी माणूस अपघाताआधी दिवसभर हातापायांनी नेमके काय करत होता, हे साक्षीत तपशीलवार यायला हवे. ‘खाजगी नोकरी’ एवढेच लिहिलेला अर्ज बघितला की मला हळहळ वाटते.

आता दुसरे टोक. विशीतला कॉलेजचा मुलगा, गळपट्टीचे हाड मोडले, दोन-अडीच महिन्यांत जुळले, हात पूर्वीसारखा वर जातो. खर्च ८०,००० रुपये. त्याचा कलम १६६ चा दावा खर्च, वेदना, ये-जा सगळे धरूनही दीड-दोन लाखांपुढे नेणे अवघड आहे, आणि त्यासाठी चूक सिद्ध करायची, तारखा करायच्या. त्याने कलम १६४ चे अडीच लाख घ्यावेत. यात कमीपणा काही नाही.

पुरावा: पहिल्या आठवड्यातच बरेच ठरते

कलम १६४ ला पुरावा थोडा लागतो: अपघात झाला, हे वाहन त्यात होते, दुखापत गंभीर आहे. कलम १६६ ला यापुढचे सगळे लागते, आणि ते गोळा होण्याचे दिवस नेमके घर धावपळीत असते तेच.

सगळ्यात जास्त दावे कुठे अडकतात? दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर. दाखल करणारा माणूस घाबरलेला असतो. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘गाडीवरून पडला’ असे उत्तर जाते आणि डॉक्टर तसेच लिहून घेतात. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद पुढे करतो: कारने धडक दिलीच नाही, हा स्वतः घसरून पडला. म्हणून कोणत्या वाहनाने, कुठे, कशी धडक दिली हे पहिल्या नोंदीतच यायला हवे. चुकीचे लिहिले गेले असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्तीची विनंती करा.

दुसरा कागद घटनास्थळ पंचनामा. रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठे, काचा कोणत्या कडेला पडल्या, वाहन कोणत्या दिशेला तोंड करून उभे होते, यातून चूक कोणाची हे साक्षीदाराशिवायही कळते. २०२२ च्या गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बांधून दिले आहे: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. हा अहवालच कायद्याने दाव्याचा अर्ज मानता येतो. तरी पोलीस करतील म्हणून बसून राहू नये. पेट्रोल पंप, ढाबा, सोसायटी यांच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते ताब्यात घ्यावे असा अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्या. चित्रण पुढे पुराव्यात वाचायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

उत्पन्नाचा कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा किमान वेतनाच्या आसपास, आकडा धरते. वरच्या टेम्पोचालकाचे १८,००० ऐवजी १०,००० धरले गेले तर १९ लाखांचे १०,७५,२०० होतात. बँकेचे पासबुक, मालकाची साक्ष, प्राप्तिकर विवरण, जे असेल ते जपा. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावे लागते, हेही आधीच विचारून ठेवा. मेडिक्लेममधून बिल मिळाले असेल तर घाबरायचे कारण नाही. ती रक्कम भरपाईतून कापता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. मूळ बिले मेडिक्लेमकडे जातात, म्हणून त्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा.

चूक कोणाची, आणि किती

कलम १६६ मध्ये चूक सिद्ध करायची म्हणजे फौजदारी खटल्यासारखी निःसंशय नव्हे. ‘असे घडल्याची शक्यता अधिक’ इतके पुरते. काही अपघात तर स्वतःच बोलतात. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली कार झाडावर आदळली, आतला प्रवासी गेला. त्या प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नीट चालवलेली गाडी झाडावर आदळत नाही, तेव्हा खुलासा चालकाच्या बाजूने यायला हवा.

जखमीचीही काही चूक निघाली तर तेवढे टक्के कापले जातात. २५ टक्के चूक ठरली तर १९,३५,३६० चे १४,५१,५२० उरतात. तरीही अडीच लाखांच्या कितीतरी वर. ‘आमच्या पोराचीही थोडी चूक होती’ म्हणून घाईने कलम १६४ कडे वळणाऱ्यांनी हा हिशेब करावा. दुचाकीवर तिघे होते एवढ्या कारणाने आपोआप पैसे कापता येत नाहीत. त्या तिसऱ्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे २०२० चा मोहम्मद सिद्दिक निकाल सांगतो. आणि तुम्ही प्रवासी होतात व दोन वाहनांच्या चुकीने जखमी झालात, तर दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते. त्यांनी आपापसातला वाटा नंतर बघावा.

पण चूक जवळजवळ सगळी आपल्याच माणसाची असेल, उलट्या बाजूने गाडी घातली असेल, तर कलम १६६ लढून हाती काही लागण्याची आशा फार कमी. तिथे कलम १६४ हाच आधार.

पॉलिसी कोणती आहे ते आधी बघा

वाहन क्रमांकावरून पॉलिसी शोधा आणि ती नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज (स्वतःच्या वाहनाचे नुकसानही धरणारी), हे वाचा. रस्त्यावरच्या माणसाला किंवा समोरच्या वाहनातल्याला दोन्हींत संरक्षण आहे, तेही अमर्याद. पण खासगी कारमध्ये सोबत बसलेले मित्र-नातेवाईक आणि दुचाकीवर मागे बसलेला माणूस नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाहीत. पॅकेजमध्ये येतात. पॉलिसीत बसत नसेल तर रक्कम मालकाकडून वसूल करावी लागते, आणि कागदावरचा हुकूम आणि हातातले पैसे यांत तिथे बरेच अंतर पडते. स्वतःची गाडी स्वतः चालवताना इजा झालेला मालक तर तिसरा पक्षच नव्हे. त्याने आपल्या पॉलिसीतल्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाकडे बघावे. एसटीने धडक दिली असेल तर दावा थेट महामंडळावर.

‘चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते, आम्ही देणे लागत नाही’ हे कंपनीचे नेहमीचे उत्तर. त्याने खचू नका. २००४ च्या स्वर्णसिंह निकालापासून न्यायालये कंपनीला ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असे सांगत आली आहेत. शिवाय हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेच स्पष्ट केले आहे.

वेळ आणि तडजोड

कलम १६६ चा निकाल लागायला वर्षे जातात. अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते, साधारण ६ ते ९ टक्के, पण घराला पैसा आज हवा असतो. हीच कोंडी लोकांना कमी रकमेवर सही करायला लावते. उपचाराचे बिल हे कारण असेल तर २०२५ ची कॅशलेस योजना विचारा: नोंदणीकृत रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत. मधला रस्ता म्हणजे लोकअदालत. अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद हातात आल्यावर तिथे बसलात तर रक्कम नीट मिळू शकते. एक लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते.

कामावर असताना अपघात झाला असेल तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखालीही (आधी १९२३ चा कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) जाता येते, पण दोन्हींपैकी एकच. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर या तुलनेला अर्थ नाही. तिथे गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

थांबायचे म्हणजे किती, तर दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज वेळेत लावून ठेवायचा आणि अपंगत्वाचा दाखला नंतर द्यायचा, यात अडचण नसते. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही लावता येतो. पुण्याजवळच्या अपघातासाठी लातूरच्या माणसाला पुण्याच्या खेपा नकोत. वकिलाला पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: पॉलिसीची प्रत मिळाली का, माझ्या कामाच्या दृष्टीने अपंगत्वाचा टक्का किती मांडणार, आणि फी किती. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारीने वाटा ठरवायला वकिलांना नियमाने मनाई आहे, तेव्हा फीचा आकडा रुपयांत ठरवून घ्या.