पहिला फिल्टर कोणता: पोलरायझर की एनडी?

कॅमेरा आहे, एक बरी लेन्स आहे, आणि पावसाळ्याआधी एकच चांगला फिल्टर घेण्याइतके पैसे आहेत. सीपीएल, म्हणजे चकाकी अडवणारा सर्क्युलर पोलरायझर घ्यावा, की एनडी, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारा गडद फिल्टर? सह्याद्रीत हिंडून फोटो काढणार असाल तर आधी सीपीएल घ्या, असं माझं ठाम मत आहे. मात्र काहींनी एनडीच आधी घ्यायला हवा, त्यांच्याबद्दलही पुढे सांगतो.

पोलरायझरने आकाश निळंगर्द होतं, हे त्याचं सगळ्यात जास्त मिरवलं जाणारं आणि माझ्या लेखी सगळ्यात कमी महत्त्वाचं काम. आकाश नंतर संगणकावरही गडद करता येतं. सीपीएलची खरी गरज लागते ती ओल्या जागी. जुलैतला ताम्हिणी घाट डोळ्यांपुढे आणा. ढग खाली उतरलेत, सगळं हिरवंगार आहे, आणि फोटोत मात्र पानं पांढुरकी आणि कातळ तेलकट राखाडी येतो. ओल्या पानावरून ढगांचाच उजेड परावर्तित होऊन लेन्समध्ये शिरतो आणि खालचा रंग झाकतो. असा परावर्तित उजेड बराचसा एकाच प्रतलात कंप पावत असतो. हे १८०८ साली फ्रान्समध्ये एत्येन-लुई मालुस या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. नेमका तोच उजेड हा फिल्टर अडवतो.

फिल्टरची रिंग सावकाश फिरवत पडद्याकडे बघत राहा. आधी पानांच्या कडांवरची चमक जाते, मग शेवाळाचा हिरवा रंग वर येतो, कातळ काळा दिसू लागतो आणि उथळ पाण्याखालचे गोटे एकेक करून उघडे पडतात. चकाकीखाली दडलेलं कॅमेऱ्याने टिपलेलंच नसेल, तर ते कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. माझा कौल सीपीएलला आहे तो यासाठीच. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघाल तेव्हा परिणाम सर्वात जास्त मिळतो. तळ्यातलं डोंगराचं प्रतिबिंबच हवं असेल, तर रिंग उलटी फिरवून ते राखा. धातूवरची चमक मात्र याने जात नाही.

एनडीचं काम साधं आहे: येणारा सगळा उजेड सारख्या प्रमाणात कमी करणं. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं; एनडी८ तीन स्टॉप घेतो, एनडी६४ सहा, एनडी१००० दहा. १/६० सेकंदाचं शटर दहा स्टॉपने सुमारे १७ सेकंदांवर जातं आणि धबधबा दुधासारखा वाहताना दिसतो. पण पावसाळी रानात मुळात उजेडच कमी असतो. एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) वर झाडीखाली १/४ सेकंद सहज मिळतो. सीपीएल स्वतः दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे शटर जवळजवळ एक सेकंदावर येतं. पाणी मऊ दिसायला तेवढं पुरतं. शिवाय लांब शटरचा परिणाम ट्रायपॉडवर वीस-तीस फ्रेम लागोपाठ काढून त्यांची सरासरी घेतली तरी बराचसा साधतो.

आता ज्यांनी एनडी आधी घ्यावा त्यांच्याविषयी. कोकणात भर दुपारी समुद्राच्या लाटांचं धुकं करायचं असेल, तर सीपीएलचे दोन स्टॉप कुठेच पुरत नाहीत. व्हिडिओ करणाऱ्यांनाही एनडीला पर्याय नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत शटर १/५० सेकंद ठेवायचं म्हटलं की उन्हात चित्र पार पांढरं होतं. व्हेरिएबल एनडी (रिंग फिरवून जोर कमी-जास्त करता येणारा) घेणार असाल, तर तो दोन पोलरायझर एकावर एक ठेवूनच बनतो हे लक्षात असू द्या. वाइड लेन्सवर जोर वाढवला की आकाशात काळसर फुली उमटते.

सीपीएल कायम लेन्सवर चढवून ठेवू नका. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर त्याचा जोर सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा; अंगठा जिकडे जाईल तो पट्टा गडद होणार. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ एमएमपेक्षा वाइड लेन्स असली, की हाच पट्टा आकाशात डाग पडल्यासारखा दिसतो. पॅनोरमा जोडतानाही तीच अडचण येते. माळशेजच्या दाट धुक्यात फिल्टर चढवून काहीच हाती लागत नाही, कारण तो उजेड थेंबाथेंबांवर विखुरून सगळ्या दिशांनी कंप पावत असतो. इंद्रधनुष्य दिसलं तर रिंग फार जपून फिरवा, एका बाजूला ते खुलतं आणि दुसऱ्या बाजूला चक्क गायब होतं. कासच्या पठारावर वाऱ्यात डोलणाऱ्या फुलांसाठी वेगवान शटर लागतं. तिथे आयएसओ वाढवायची तयारी ठेवा किंवा फिल्टर काढा.

घेताना तुमच्याकडच्या सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, समजा ७७ एमएमचा, आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा. दुकानात पारखायची सोपी युक्ती आहे. फिल्टरची पुढची बाजू एलसीडी मॉनिटरकडे धरून लेन्सवर बसणाऱ्या आट्यांच्या बाजूने बघा आणि फिल्टर फिरवा. एका जागी पडदा जवळपास काळा व्हायला हवा. मग फिल्टर उलटा धरून तसंच करा. आता पडदा काळा न होता फक्त रंगाची छटा बदलली, तर तो खरोखर सर्क्युलर आहे. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर लिनिअर, म्हणजे साधा पोलरायझर आहे, आणि आरशाच्या डीएसएलआरवर तो फोकस आणि एक्स्पोजर चुकवू शकतो. कुठल्याच बाजूने काही फरक पडला नाही, तर ती नुसती काच आहे, परत करा.