कार्टची एक लिंक, 11 घरं आणि फवारणीचा मास्क

राजेहो, ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी हे आधी वाचा, बाकीच्यांनाही कामी येईल. आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ, गावात 11 जणांचा शेतकरी गट आहे, अन् या हंगामात आम्ही एका शॉपिंग अ‍ॅपचं ते 'कार्ट शेअर करा' वालं बटण पहिल्यांदा वापरलं. म्हणजे एकानं सगळं सामान निवडून कार्ट भरायचं, लिंक बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, बाकीच्यांनी लिंक दाबली की तेच सामान त्यांच्या कार्टमध्ये येतं, मग ज्यानं त्यानं आपला पत्ता टाकून आपले पैसे भरायचे. माझा पत्ता किंवा पैशाचं काही लिंकसोबत जात नाही, ते मी आधी बायकोच्या मोबाईलवर उघडून बघितलं, मगच ग्रुपवर टाकलं.

सामान होतं फवारणीचं. 2017 चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलं नाही, फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 च्या वर माणसं गेली, शेतकरी पण अन् मजूर पण, पऱ्हाटी म्हणजे कपाशी डोक्याच्या वर गेलेली, तिच्यात उभं राहून पंप मारायचा म्हणजे औषध सरळ तोंडावरच येते. आणि तरी आजही बहुतेक वावरात फवारणीवाल्याच्या तोंडाला काय असते तर दुपट्टा. लोकांना जीव प्यारा नाही असं नाही हो, नेमकं काय घ्यायचं तेच कळत नाही. मोबाईलवर मास्क शोधला की शंभर मास्क येतात. धुळीचा मास्क वेगळा, एन-95 सुद्धा बारीक कण अडवतो पण औषधाची वाफ अडवत नाही, त्यासाठी रबरी मास्क लागतो ज्याला दोन बाजूंनी कार्बनचे डबे असतात अन् त्याच्यावर ऑरगॅनिक व्हेपर असं लिहिलेलं असते. हे मी अकरा जणांना अकरा वेळा फोनवर समजावलं असतं तरी निम्म्यांनी चुकीचंच मागवलं असतं.

तर कार्टमध्ये टाकलं ते असं, मास्क 640, डोळ्याचा चष्मा 130, नायट्राईलचे लांब हातमोजे 160, अ‍ॅप्रन 210, आणि गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे 10, ल्यूरसकट (ल्यूर म्हणजे पतंगाला ओढणाऱ्या वासाची पुडी) 600. एकूण 1,740 रुपये. सापळे एकरी 2 धरले, म्हणजे हेक्टरी 5. ज्याच्याकडे तीन एकर त्यानं आपल्या कार्टमध्ये 10 चे 6 केले, त्यानं माझ्या किंवा दुसऱ्याच्या कार्टला काही होत नाही. हे फार चांगलं आहे.

ल्यूरचं मात्र जरा नीट सांगतो. मागच्या साली आमच्यातल्या एका दादानं स्वतःच ऑनलाईन सापळे घेतले होते, वावरात लावले, रोज सकाळी जाऊन पिशवी बघायचे, गुलाबी अळीचा एक पतंग नाही, म्हणून निवांत राहिले. पोळ्यानंतर फुलं बघतो तर डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली, न उमललेली फुलं. मग ल्यूरची पुडी पाहिली तर ती हिरव्या बोंडअळीची निघाली. सापळा तोच दिसतो, पुडीतला वास वेगळा, गुलाबीसाठी गॉसिप्ल्यूर पाहिजे, नाहीतर सापळा रिकामाच लटकत राहतो आणि आपण समजतो की अळी नाही. कृषी विभागवाले सांगतात ना की सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचं बघा, ते मोजणार कशावर जर ल्यूरच चुकली? यंदा लिंकमधून अकराही घरी बरोबर ल्यूर आली, एकही चुकली नाही. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी ही सोय पुन्हा वापरणार.

आता तक्रार. आणि ही लहान नाही.

लिंक मी सोमवारी टाकली, आठ जणांनी दोन दिवसांत ऑर्डर केली, तिघांनी शनिवारी केली कारण कापूस-सोयाबीनच्या डवरणीचे दिवस, माणसाला वेळ कुठं. तोपर्यंत तो मास्क त्या विक्रेत्याकडचा संपला होता. अ‍ॅपनं काय करावं? सांगावं ना की बाबा हा माल संपला. तसं न करता त्याच्या जागी 'मिळतीजुळती वस्तू' म्हणून दुसराच मास्क कार्टमध्ये टाकला, खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते आमच्या काकाजींना चष्मा लावूनही दिसलं नसतं. पार्सल उघडल्यावर त्यांचा फोन, "अरे भाऊ, तुह्या फोटोत तं दोन डबे व्हते, हा तं कापडाचा हाय, हा लावू का?" मी म्हटलं काकाजी लावू नका, परत करू. पण दुसऱ्या घरी सालदार तोच कापडी मास्क लावून वावरात गेलेला होता, पहिलाच पंप चालू होता, मालक बांधावर पोहोचला म्हणून त्याला बाहेर बोलावलं. कपड्याच्या बाबतीत रंग बदलून आला तर माणूस चालवून घेते, इथं बदललेली वस्तू म्हणजे त्या माणसाच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे. परत करून बरोबर मास्क यायला नऊ दिवस गेले. कस्टमर केअरवाली ताई चांगली बोलली, पण तिच्या हातात काही नव्हतं.

दुसरं, दोन जणांच्या बिलात 29 रुपयांचं कसलंतरी 'संरक्षण' आपोआप टिक होऊन आलं. मी लिंक बनवली तेव्हा ते नव्हतं. असं न विचारता कार्टमध्ये घुसवायला सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत मनाई केली आहे, त्यात असे 13 प्रकार दिले आहेत, त्यातलाच हा बास्केट स्नीकिंग. तुमच्यासोबत झालं तर ग्राहक हेल्पलाईन 1915 वर फोन करा, आम्ही केला, तक्रार नंबर मिळाला आहे.

डिलिव्हरीचे प्रत्येकी 40 लागले, म्हणजे गटाचे 440, गाडी मात्र एकच आली आणि तीही फाट्यापर्यंतच. एकाच गावचे अकरा डबे आहेत तर काहीतरी सूट द्यायला पाहिजे. आणखी एक, लिंक टाकल्यावर मी माझ्या कार्टमध्ये हातमोज्याची साईज बदलली, जुन्या लिंकमध्ये ती बदलली नाही, म्हणजे काही बदल केला की नवी लिंक बनवून जुनी ग्रुपवरून डिलीट करा नाहीतर लोक जुनीच दाबतात. जुन्या मोबाईलवर लिंक उघडतच नव्हती, अ‍ॅप अपडेट केल्यावर उघडली.

तर 5 पैकी 3 स्टार. मास्क बदलून पाठवला नसता तर साडेचार दिले असते.

आता मी असं करतो की लिंक टाकल्यावर दोन दिवसांतच ऑर्डर करा म्हणतो, आणि पैसे भरायच्या आधीचा स्क्रीनशॉट प्रत्येकाकडून मागतो. मास्कला दोन डबे दिसले, ल्यूरवर गुलाबी बोंडअळी लिहिलेलं दिसलं अन् एकूण रक्कम जुळली तरच 'भरा' म्हणून कळवतो. ज्यांना स्क्रीनशॉट जमत नाही त्यांच्या घरी संध्याकाळी चक्कर मारतो, मारुतीच्या पारावर नेटवर्क चांगलं येते, तिथं बसून भरून देतो. या रविवारी दुसरी लिंक जाणार आहे, कार्बनचे नवे डबे आणि ल्यूरची, शेजारच्या गावचे चार जण पण म्हणाले आम्हालाही टाका.