गोळी कितीची चालू आहे ते विचारून रांधलेला डबा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकूंच्या पथ्याच्या डब्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यांचा डबा घ्यायला लागले तेव्हा माझी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी 40 मिलिग्रॅमवर होती. आता गोळी पूर्ण थांबली आहे, पण दुपारचा डबा अजून चालू आहे. स्टेरॉइड हळूहळू उतरवताना रोज काय खायचं, हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

काकूंचं नाव आणि नंबर देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. मोजकेच डबे करतात आणि तेवढेच करायचे आहेत त्यांना. मिरजेतल्या पोटाच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे जे आहारतज्ज्ञ बसतात, त्यांच्याकडे चौकशी केली की पत्ता लागतो. मलाही तसाच लागला.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि शेम पडते, दिवसातून किती वेळा पळावं लागेल याचा नेम नसतो. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. ऐन हळदीच्या सौद्यांत, जेव्हा खुर्चीवरून उठायला सवड नसते, तेव्हाच आजार भडकला. घरी सासरे, नवरा, दोन मुलं. आमच्याकडे ताटात कांदा-लसूण चटणी नसेल तर कुणाला जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांचं वेगळं आणि माझं वेगळं असं दोनदा रांधायचं त्राण अंगात नव्हतं.

मी दर विचारायला फोन केला होता. काकूंनी दराआधी विचारलं, "गोळी कितीची चालू हाय गं? सकाळी एकदाच घेतीस नव्हं? साखर तपासलीस का? रक्त थांबलंय का अजून पडतंय?" डॉक्टरांची चिठ्ठी आणि आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद, दोन्हींचा फोटो पाठवल्याशिवाय त्या डबा सुरू करत नाहीत. त्यांच्या यजमानांना संधिवात होता आणि अनेक वर्षं स्टेरॉइड चालू होतं, त्यामुळे या गोळीची सगळी दुखणी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून बघितली आहेत. दर शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा डोस कळवायचा. वहीत माझ्या नावापुढे त्या तो आकडा लिहितात आणि त्यावरून डबा बदलतो. मला या डब्याचं सगळ्यात मोल वाटतं ते याच गोष्टीचं. पथ्याचं जेवण देणारे सांगली-मिरजेत बरेच आहेत. पण बहुतेकांकडे "पथ्य" म्हणजे बिनतिखटाची एकच थाळी, मग गोळी 40 ची असो की 5 ची.

40 वर असताना आतडं चिडलेलं असतं आणि भूक मात्र राक्षसासारखी लागते. हे दोन्ही एकदम सांभाळणं फार अवघड आहे. त्या आठवड्यांत डब्यात काय असायचं ते सांगते. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, सोलून बिया काढलेला दुधी किंवा दोडका, लाल भोपळा, उकडून कुस्करलेला बटाटा. फोडणीला जिरं, हिंग, कढीपत्ता, पण कढीपत्ता काढून टाकलेला. साल, बी, कच्चं काहीही नाही. कोशिंबीर तर नाहीच, कारण या डोसवर शरीराची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि उघड्यावरचं किंवा कच्चं खाणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. बुधवारी आणि शुक्रवारी अळणी रस्सा, कोंबडीचा, वरची चरबी काढून, सोबत मऊ शिजलेले दोन-तीन तुकडे. आमच्या भागात बाळंतिणीला, आजाऱ्याला अळणी देतात ते काही उगाच नाही. स्टेरॉइड स्नायू झिजवतं, त्यामुळे प्रथिनं पोटात जायलाच हवीत आणि त्या दिवसांत डाळ जास्त झाली की माझं पोट फुगायचं. अंडं, पनीर आणि अळणी यांच्यावर मी तरले.

मीठ काकू हातानं टाकत नाहीत, चमच्यानं मोजून टाकतात. स्टेरॉइडनं अंगात पाणी धरतं, चेहरा गोल होतो, रक्तदाब चढतो. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ, असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, शेव बंद. सांगलीत राहून भडंग बंद, हे लिहितानाही जिवावर येतं. पण मीठ कमी करून जेवण बेचव होऊ न देणं ही खरी कला आहे आणि ती काकूंना साधली आहे. भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा रस, वरणात आमसूल, भाजीवर दोन थेंब लिंबू. चवीसाठी मला कधी वरून मीठ घ्यावंसं वाटलं नाही.

चारचा छोटा डबा हा त्यांचा दुसरा मोठा गुण. सकाळी घेतलेल्या गोळीनं साखर वाढते ती मुख्यतः दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत. नेमकी तेव्हाच भूक खवळते आणि यार्डात चहासोबत बिस्किटं, खारी, कुणाच्या तरी घरच्या पेढ्यांचा बॉक्स फिरत असतो. मला मधुमेह नव्हता, तरी त्या काळात जेवणानंतरची साखर दोनशेच्या वर गेलेली डॉक्टरांनी दाखवली होती. म्हणून काकू दुपारच्या डब्यासोबतच एक चपटी डबी देतात. उकडलेलं अंडं, कधी पनीरचे तुकडे, कधी मुगाचं मऊ धिरडं, कधी सोलून वाफवलेलं सफरचंद. चार वाजता ती उघडायची. ज्यांना स्टेरॉइडची भूक माहीत आहे त्यांनाच या डबीची किंमत कळेल. ती भूक इच्छाशक्तीनं आवरत नाही, तिच्यासमोर काहीतरी ठेवावंच लागतं.

हाडांचंही आहे. या गोळीनं कॅल्शियम झिजतं, म्हणून डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी देतातच. काकू रोज नाचणीची आंबील देतात, पीठ वस्त्रगाळ करून, ताकात. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या तिप्पट. दूध मला त्या काळात पचत नव्हतं, घरी लावलेलं दही आणि ताक पचलं. मात्र एक तक्रार आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारपर्यंत आंबील फसफसायला लागते. मी सांगितल्यावर काकूंनी ती थर्मासमधून पाठवायला सुरुवात केली, पण थर्मास आपला आपण द्यावा लागतो. नव्यानं डबा लावणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

आता हळदीबद्दल. सांगलीत हळदीवर बोलल्याशिवाय कुठलाच आजार पूर्ण होत नाही. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, 2005 च्या पुरात खराब झाली तरी त्यांच्या आठवणी लोक अजून सांगतात. यार्डात तर दिवसभर राजापुरी हळदीच्या ढिगांतच आम्ही वावरतो. त्यामुळे मला दिवसातून चार जण हळदीचं दूध, हळदीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल सुचवायचे, सगळे मायेपोटी. काकू फोडणीत चिमूटभर हळद टाकतात, तेवढीच. "हळद जेवणात, औषध चिठ्ठीत," एवढंच त्या म्हणाल्या. कॅप्सूलबद्दल माझ्या डॉक्टरांनीही बजावलं होतं की आधी मला विचारा, इतर गोळ्या चालू असताना आपल्या मनानं काही घेऊ नका.

याउलट अनुभव मला याच शहरात दुसऱ्या एका आहार केंद्रात आला होता. नाव घेत नाही. तिथे पहिल्याच बैठकीत सांगितलं, स्टेरॉइड विष आहे, आजपासून सोडा, आणि पावडरचा मोठा डबा पुढे ठेवला. मला त्याचा अजून राग येतो. कारण ही गोळी काही आठवडे चालली की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं आपलं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. बाहेरचं एकदम थांबवलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून तर पायरीपायरीनं उतरायचं. आणि विष म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: 1955 साली इंग्लंडात ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी याच आजारावर कॉर्टिझोन या स्टेरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. त्याआधी आजार जोरात भडकलेली माणसं मोठ्या संख्येनं दगावत. माझ्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा गोळीविषयीची माझी भीती गेली आणि ती नीट, वेळेवर, न्याहारीनंतर घेण्याची शिस्त लागली.

माझा तक्ता असा होता: 40 पासून 20 पर्यंत दर आठवड्याला 5 कमी, तिथून पुढे अडीच-अडीचनं. हा माझा तक्ता आहे, दुसऱ्या कुणी उचलू नये. कुणाचा महिन्याला एक-एक मिलिग्रॅमनं उतरतो, विशेषतः संधिवाताच्या काही प्रकारांत.

20 च्या खाली आल्यावर डब्यात बदल सुरू झाले आणि इथे काकूंचं खरं कौशल्य दिसलं. एका वेळी एकच नवा पदार्थ, मग दोन-तीन दिवस वाट बघायची. आधी गाजर शिजवून, मग चाळलेल्या शाळूच्या पिठाची अर्धी भाकरी दुधात कुस्करून, मग पालकाची पानं देठ काढून, बारीक चिरून. रिकामा डबा परत जाताना त्यात चिठ्ठी टाकायची, काय सोसलं, काय नाही. फुलकोबी मला सोसला नाही. तो माझ्या डब्यातून गेला तो गेलाच, पुन्हा कधी चुकूनही आला नाही.

सगळ्यात जड गेले ते 7.5 ते 5 च्या मधले आठवडे. साधारण 5 मिलिग्रॅम म्हणजे शरीर एरवी स्वतः जेवढं कॉर्टिसॉल बनवतं तेवढं बळ. त्याच्या आसपास आलं की आतल्या ग्रंथींना पुन्हा काम सुरू करावं लागतं आणि त्या लगेच उठत नाहीत. सकाळी अंथरुणातून निघवेना, सांधे दुखायचे, मळमळायचं, आणि इतके दिवस छळणारी भूक अचानक नाहीशी झाली. काकूंनी शनिवारचा आकडा ऐकला आणि न सांगता भात अर्धा केला, डब्याचे दोनाचे तीन छोटे भाग केले. आल्याची सुंठ घातलेली पेज सकाळी साडेनऊलाच यायला लागली. वर एक चिठ्ठी: "उलटी झाली आन् गोळी पडली तर डॉक्टरला फोन कर, डब्याचं नंतर बघू." एका डबेवाल्या बाईंनी एवढं सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

उणिवा लिहायला हव्यात. रविवारी डबा बंद, आणि नेमकं रविवारीच घरी मटण शिजतं. लाल भोपळा फार वेळा येतो. एका वेळचा दर 110 रुपये, म्हणजे साध्या खानावळीच्या डब्यापेक्षा चांगलाच जास्त. अंडं-अळणीचे दिवस धरले तर मला तो रास्त वाटतो, पण महिनाभर दोन्ही वेळा लावणं सगळ्यांना परवडणारं नाही. माझ्यासारखं दुपारचं लावून रात्री घरी मऊ भात करता येतो. मिरज, माधवनगरला डबा पोहोचवत नाहीत. पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर चढलं की गावभागातले डबे थांबतात, आणि त्यांनी थांबवावेतच. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवाव्यात. डबा चुकला तर चालतं, गोळी चुकून चालत नाही.

हा डबा आजार बरा करत नाही. काकू तसा दावाही करत नाहीत. आतड्याची सूज दाबून ठेवणारी माझी मेसालामाइनची गोळी चालू आहे, शौचातून आतड्याची सूज कळते ती कॅलप्रोटेक्टिनची तपासणी अधूनमधून होते, मिरजेची फेरी चुकत नाही. डबा घेत असताना पुन्हा रक्त दिसलं तर जेवणात बदल करत बसू नका आणि कपाटात उरलेल्या स्ट्रिपमधून आपल्या मनानं डोसही वाढवू नका, सरळ डॉक्टरांना गाठा. ज्यांना क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारामुळे आतडं अरुंद झालंय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना काकू स्वतःच आहारतज्ज्ञांचा वेगळा कागद आणायला लावतात, नाहीतर नाही म्हणतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नवीन डबा लावायचा तर आठवडाभर आधी विचारा, चिठ्ठीचा फोटो स्पष्ट काढा, आणि शनिवारी संध्याकाळी सातच्या आत डोस कळवा. सातनंतर त्या भाजी आणायला बाहेर पडतात आणि फोन घरीच असतो.