टर्कीची अंडी: खुडूक कोंबडीखाली बसवावीत की मशीनमध्ये?

टर्कीची आठ-दहा फळलेली अंडी हाताशी आली की पहिला प्रश्न हाच पडतो. दारात एखादी गावरान कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू पाहणारी, असतेच, आणि पन्नास अंड्यांचं छोटं मशीनही आता सहज मिळतं. मी दोन्ही वापरलं आहे. अंडी उबवण्याचं काम दोघंही नीट करतात. निवड करायची ती पिलं बाहेर आल्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांकडे बघून.

आधी अंड्यांपुरतं. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, टर्कीचं 28. म्हणजे कोंबडीला एक आठवडा जास्त बसायचं असतं, आणि रवणावरची, म्हणजे अंडी उबवत बसलेली, कोंबडी आधीच खाणंपिणं विसरलेली असते. म्हणून आधी एक-दोनदा पिलं काढलेली, अंगाने भरलेली कोंबडीच निवडा. पहिलटकरीण तिसऱ्या आठवड्यानंतर उठून जाऊ शकते. टर्कीचं अंडं साधारण 80-85 ग्रॅमचं, त्यामुळे गावरान कोंबडीच्या अंगाखाली सहा-सात पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. रोज एकदा तिला उचलून खाली सोडायचं, दाणापाणी द्यायचं, विष्ठा टाकू द्यायची. बसवण्याआधी पिसांत उवा आहेत का ते नक्की बघा. उवांनी बेजार झालेली कोंबडी 28 दिवस बसत नाही. बाकी ऊब, ओलावा, अंडी फिरवणं हे सगळं तिचं ती बघते, आणि लाइट गेली तरी तिचं काही अडत नाही.

मशीनमध्ये हे सगळं आपल्या अंगावर येतं. पंख्याचं मशीन असेल तर तापमान 37.5 अंश. ओलावा पहिले 25 दिवस 55 ते 60 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 70 च्या आसपास. अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची, 25व्या दिवशी थांबायचं आणि मग झाकण उघडायचंच नाही. ओलाव्याच्या स्वस्त मीटरवर माझा विश्वास नाही, मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. अंड्यातलं पाणी उडून 25व्या दिवसापर्यंत वजन साधारण 12 टक्क्यांनी घटायला हवं. 85 ग्रॅमचं अंडं 75 वर आलं की बरोबर. 80 वरच अडकलं असेल तर आत ओल जास्त आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं, तेव्हा पाण्याची वाटी काढून ठेवावी. मे महिन्यात घाटावर उलटं, वाटी सकाळी भरली की संध्याकाळी कोरडी.

लाइटचं म्हणाल तर तास-दोन तासांच्या लोडशेडिंगने घाबरू नका. गारवा अंडी बऱ्यापैकी सोसतात, पण 39-40 अंशांची उष्णता सोसत नाहीत. वर गोधडी टाका, मात्र हवेची भोकं उघडी ठेवा. शेवटच्या आठवड्यात अंड्यांतली पिलं स्वतःच गरम असतात.

खरी परीक्षा यापुढे. माझी मशीनची पहिली खेप अकरा पिलांची होती. दिव्याखाली ऊब होती, तूस पसरलेला होता, भांडी भरलेली होती. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातली चार मेली, आणि चौघांचीही पोटं रिकामी होती. पोटातल्या बलकावर पिलू दोन-तीन दिवस काढतं, म्हणून सुरुवातीला काही कळतच नाही. कोंबडीचं पिलू समोर दिसेल त्याला चोच मारतं. टर्कीच्या पिलाला खाणं दाखवावं लागतं. तो आठवडा मला अजून टोचतो, कारण कुणी आधी सांगितलं असतं तर ती चार वाचली असती.

कोंबडीकडे ही अडचणच नाही. ती कुककुक करत दाणा चोचीत उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते, आणि पिलं शिकतात. इथे कोंबडी मशीनला सहज हरवते.

पण तिच्यासोबत एक धोका येतो. कोंबड्यांच्या आतड्यात बारीक जंत असतात आणि त्या जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. टर्कीच्या पिलांना मात्र त्यातून ‘ब्लॅकहेड’ होतो आणि कळपच्या कळप जातो. त्यावर लस नाही. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. नावावर जाऊ नका, डोकं बहुतेकदा काळं पडतच नाही. टर्कीच्या डोक्याचा रंग तसाही सारखा बदलतो. 1612 मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाकडे टर्की नेली होती, तेव्हा त्यानेही तिचे हे बदलते रंग आपल्या आठवणींत लिहून ठेवले. लक्ष ठेवायचं ते विष्ठेवर: गंधकासारखी पिवळी दिसली की त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

मग ठरवायचं कसं? ज्या अंगणात वर्षानुवर्षं कोंबड्या फिरल्यात, तिथे कोंबडीच्या मागे टर्कीची पिलं सोडू नका, ती कितीही गुणी असली तरी. वेगळी, कोंबडी कधी न गेलेली जागा असेल आणि अंडी सहा-सातच असतील, तर कोंबडीच बरी. रवणावर बसवण्याआधी तिला जंताचं औषध द्या. अंडी दहाच्या वर असतील आणि इन्व्हर्टर असेल, तर मशीन घ्या.

मी आता मशीनमध्येच काढते, पण एक युक्ती करून. टर्कीची अंडी लावल्यावर बरोबर सात दिवसांनी त्याच मशीनमध्ये कोंबडीची दोन-तीन अंडी ठेवते. दोन्ही एकाच वेळी फुटतात. अंगणाची माती न लागलेली ती कोंबडीची पिलं टर्कीच्या पिलांना खायला शिकवतात. शिवाय दहा पिलांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून, त्यात बारीक चिरलेली कोथिंबीर घालते. हिरवा रंग त्यांना ओढतो. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या की तिथेही चोच मारतात. खाद्यात प्रथिनं 28 टक्के लागतात, कोंबडीच्या पिलांचं नेहमीचं खाद्य कमी पडतं. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. ऊब पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनने कमी. तिसऱ्या आठवड्यात कोंबडीची पिलं वेगळ्या खुराड्यात हलवते, आणि तिकडे जाऊन आलेली चप्पल टर्कीकडे नेत नाही.

टर्कीची मादी स्वतः बसली तर दहा-पंधरा अंडी सहज झाकते, पण बसल्यावर तिचं अंडी देणं थांबतं आणि तिच्या जड पायाखाली पिलं येतात. आणि ज्यांना पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी डोकावणं जमणार नाही, त्यांनी अंड्यांच्या नादी न लागता महिन्याची पिलं विकत घ्यावीत. महाग पडतात, पण ती खायला शिकलेली असतात. घेताना मानमोडीची लस झाली आहे का, आणि तिथे कोंबड्याही आहेत का, हे दोन्ही विचारा.