आरस्पॅमडी, आठ महिन्यांनंतर: फिल्टरच्या आधी रिझॉल्व्हर तपासा

घरचा मेल सर्व्हर मी स्वतः चालवतो. मांडणी नेहमीचीच: मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मेलपेट्या सांभाळणारा डव्हकॉट, स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी आणि त्याची माहिती साठवणारा रेडिस. एक जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, घरातले चार पत्ते. आठव्या महिन्यात सर्व्हर एकदा रीबूट झाला आणि पुढचे सहा तास बाहेरून येणारा प्रत्येक मेल ५५४ देऊन परत गेला. ४५० असतं तर पाठवणाऱ्या सर्व्हरने पुन्हा प्रयत्न केला असता. ५५४ म्हणजे कायमचा नकार, विषय तिथेच संपतो. हा अनुभव लिहिण्याचं कारण तेच. दोष आरस्पॅमडीचा नव्हता, पण तो घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा खड्डा आहे.

मेल आला की पोस्टफिक्स पाठवणाऱ्याचा आयपी स्पॅमहाउसच्या झेन यादीत, म्हणजे स्पॅमसाठी बदनाम आयपींच्या ब्लॉकलिस्टमध्ये, बघतो. ही यादी डीएनएसवरून विचारली जाते. आयपी यादीत असेल तर उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या टप्प्यात येतं, नसेल तर असं नावच नाही असं कळतं. मात्र प्रश्न ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसचे प्रश्न विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) गेला, तर उत्तर येतं १२७.२५५.२५५.२५४. याचा अर्थ "तुमचा प्रश्न आम्ही स्वीकारत नाही" एवढाच. पोस्टफिक्सला हा फरक सांगितलेला नसेल तर तो कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं धरतो आणि सगळ्यांनाच नाकारतो. रीबूटनंतर डीएचसीपीने रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल (कुठला रिझॉल्व्हर वापरायचा ते इथे लिहिलेलं असतं) पुन्हा लिहिली, तिथे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा सामायिक रिझॉल्व्हर आला, आणि पुढचं आपोआप घडलं.

इलाज दोन्हीकडे करायचा. पोस्टफिक्समध्ये नुसतं झेनचं नाव न देता उत्तराचा टप्पाही द्या: रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]. मग नकाराचं उत्तर आलं तरी मेल अडत नाही. दुसरं, सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. रॅम फार खात नाही. त्यात फॉरवर्ड-झोन, म्हणजे प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणारा विभाग, अजिबात लिहू नका. सवयीने तिथे १.१.१.१ टाकणारे बरेच आहेत, आणि मग प्रश्न पुन्हा त्याच सार्वजनिक दारातून जातो. आरस्पॅमडीला लोकल.डी मधल्या ऑप्शन्स.इंक मध्ये डीएनएस विभागात नेमसर्व्हर म्हणून १२७.०.०.१ थेट द्या, म्हणजे रिझॉल्व्ह.कॉन्फ कोणी बदलली तरी त्याला फरक पडत नाही. डेबियनवर आणखी एक गोष्ट नडते. पोस्टफिक्सचे भाग क्रूटमध्ये, म्हणजे एकाच फोल्डरपुरते कोंडून, चालत असतील तर ते व्हार/स्पूल/पोस्टफिक्स खालची रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वाचतात. मूळ फाइल दुरुस्त केली पण पोस्टफिक्स रीस्टार्ट केला नाही, तर जुनी प्रत तशीच राहते आणि दुरुस्ती लागूच पडली नाही असं वाटत राहतं.

तपासणी एका ओळीची आहे. डिग ही डीएनएसची आज्ञा वापरून २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग विचारा: १२७.०.०.२ आलं पाहिजे, सोबत ४ आणि १० ने संपणारीही येतात. १.०.०.१२७ विचारलं तर काहीच यायला नको. प्रत्येक रीबूटनंतर हे दोन प्रश्न विचाराच. अनबाउंड असूनही २५४ ने संपणारं उत्तर आलंच तर सर्व्हरच्या आयपीची उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद, बघा. सर्व्हर देणाऱ्या कंपनीने दिलेलं आकड्यांचं सरधोपट नाव तिथे असेल तरीही प्रश्न नाकारले जातात. स्वतःचं नाव लावून घ्या, मेल पाठवण्यासाठी ते तसंही लागतंच. एवढं करूनही जमत नसेल तर घरगुती वापरासाठी स्पॅमहाउसची विनामूल्य किल्ली मिळते. किल्ली प्रश्नाच्या नावातच असते, त्यामुळे कुठल्याही रिझॉल्व्हरमधून काम होतं.

त्याच सहा तासांत आरस्पॅमडीने मात्र मेल अडवला नसता. उलटी नोंद असो वा रिझॉल्व्हर, त्याला नकाराचं उत्तर ओळखता येतं आणि तो "ब्लॉक्ड ओपनरिझॉल्व्हर" असं चिन्ह लावून शून्य गुण देतो. पण हेही तितकंच वाईट, कारण ब्लॉकलिस्टचे गुण मिळणं बंद होतं आणि स्पॅम गुपचूप आत येऊ लागतो. वेब पडद्यावर, म्हणजे ११३३४ पोर्टवर, इतिहासात हे चिन्ह दिसतं का ते बघत चला. हा पोर्ट बाहेर उघडू नका, एसएसएच बोगद्यातून बघा.

आता खुद्द आरस्पॅमडी. तो प्रत्येक मेलला स्पॅमचे गुण देतो. ठरलेले उंबरठे ४ ला ग्रेलिस्ट (तात्पुरता नकार देऊन पुन्हा पाठवायला लावणं), ६ ला मेलच्या हेडरमध्ये खूण, १५ ला नकार. यांत मी हात घातलेला नाही आणि घालू नये असंच सांगेन. नकार १० वर आणायचा मोह होतो, पण पतसंस्था आणि शाळांचे मेल इतक्या कच्च्या मांडणीतून येतात की त्यांचेही ८-९ गुण होतात.

ग्रेलिस्टिंगबद्दल पहिले दोन महिने माझं मत होतं की ते बंद करून टाकावं. पाच मिनिटं थांबवायचं, त्यात समोरचा सर्व्हर पंधरा मिनिटांनी परत येणार, आणि ओटीपी दहा मिनिटांत मरणार. मत बदललं ते इतिहास नीट वाचल्यावर. पहिल्या फेरीत ५ गुण मिळालेला मेल दुसऱ्या फेरीत १६ वर गेलेला दिसतो, कारण मधल्या वेळात तो आयपी ब्लॉकलिस्टमध्ये चढलेला असतो. खरा फायदा या उशिराचाच आहे. म्हणून ग्रेलिस्टिंग चालू ठेवा आणि ओटीपी पाठवणारी डोमेन त्याच्या सूट-यादीत घाला. आमच्याकडे अकरा नावांत भागलं.

बेज, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणारा आरस्पॅमडीचा भाग, २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय तोंड उघडत नाही. लोक फक्त स्पॅम शिकवतात आणि हे चालत नाही म्हणतात. जुने साठवलेले चांगले मेल आरस्पॅमसी या आज्ञेने एकदाच शिकवून टाका. मराठी स्पॅमसाठी तर याला पर्याय नाही. प्लॉट बुकिंग, मंजूर कर्ज, पॉलिसी बोनस हे देवनागरीत आलं की इंग्रजीसाठी लिहिलेले नियम कामाचे नाहीत. डव्हकॉटच्या आयमॅपसीव्हने जंक फोल्डरमध्ये हलवलं की स्पॅम, बाहेर काढलं की चांगला असं शिकवता येतं. मात्र जंकमधून ट्रॅशमध्ये हलवलेलं वगळायला विसरू नका. नाहीतर रोज जंक साफ करणारा माणूस रोज स्पॅमला चांगला ठरवत राहतो.

क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम लावला नाही. एकट्यालाच एक जीबीहून जास्त रॅम लागते, आणि तेवढ्यासाठी वरच्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला भरणं पटत नाही. चालवता येणाऱ्या फाइलींची जोडपत्रं एक्सटेन्शनवरूनच नाकारतो.

जे अजून आत येतं ते मोठ्या फुकट मेलसेवांच्या खऱ्या खात्यांवरून येतं. पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या तपासण्या बरोबर, आयपी स्वच्छ. तिथे पत्ता फुटला कुठून हे शोधणं उपयोगी पडतं. प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता द्या, म्हणजे आपल्या नावापुढे + आणि दुकानाचं नाव. अधिकचं चिन्ह बरेच फॉर्म घेत नाहीत, म्हणून रेसिपियंट_डेलिमिटरमध्ये + सोबत - ही ठेवा. पोस्टफिक्स २.११ पासून एकाहून जास्त चिन्हं चालतात. एखाद्या पत्त्यावर स्पॅम सुरू झाला की तेवढाच पत्ता चेक_रेसिपियंट_ॲक्सेसमध्ये ५५० ने बंद करा, आणि ही ओळ ब्लॉकलिस्टच्या ओळीच्या वर ठेवा, म्हणजे डीएनएसला विचारायची गरजच पडत नाही.